आमच्या गावचं हवामान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस लागला की गावातली मंडळी आणि कामधंद्याला पुण्या-मुंबईत असलेली पोरं तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. त्यांची उत्तरं इथं एका जागी केली आहेत. गाव करवीर तालुक्याच्या पश्चिमेला, भोगावतीच्या काठावर, कोल्हापूर-राधानगरी रस्त्यालगत. उत्तरं ह्या मधल्या पट्ट्यापुरती आहेत. घाटमाथ्यावरच्यांनी आणि शिरोळ-हातकणंगलेकरांनी आपापला हिशेब करून घ्यावा.

मोबाईलवर गावाचं नाव टाकलं की तापमान, पाऊस, वारा सगळं दिसतं. ते गावात मोजलेलं असतं का?

नाही. गावात कुणी यंत्र लावलेलं नाही. हवामानाची मॉडेलं जमिनीचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनाचं गणित करतात. अमेरिकेच्या जीएफएस मॉडेलचा चौकोन साधारण १३ किलोमीटरचा, युरोपच्या केंद्राचा ९ किलोमीटरचा. आपल्या हवामान खात्यानं मे २०२५ मध्ये आणलेल्या भारत फोरकास्ट सिस्टीमचा ६ किलोमीटरचा. मोबाईल तुमच्या गावाचं नाव घेतो आणि तुम्ही ज्या चौकोनात बसता त्याचा आकडा तुमच्या नावावर खपवतो. एकाच चौकोनात तुमचा मळा, नदी, पलीकडची टेकडी आणि शेजारची दोन-चार गावं असतात.

तापमानाला हे चालून जातं. सपाटीला पाच-सात किलोमीटरमध्ये दुपारच्या तापमानात फार फरक पडत नाही. पावसाचं तसं नाही. वळवाचा पाऊस ओढ्याच्या अलीकडे पडतो आणि पलीकडे धुरळा उडत असतो. त्यात सह्याद्रीची उभी धार मॉडेलच्या चौकोनात घासून गुळगुळीत होते, म्हणून घाटाचा पाऊस बहुतेक ॲप कमी दाखवतात. "आत्ता पाऊस चालू आहे" असं स्क्रीनवर दिसतं आणि बाहेर लख्ख ऊन असतं, तेव्हा मोबाईल बिघडलेला नसतो. तोही अंदाजच असतो, फक्त "आत्ताचा".

मग गावाच्या सगळ्यात जवळचं खरं मोजमाप कुठलं?

महसूल मंडळाचं. राज्यात महावेध प्रकल्पातून प्रत्येक महसूल मंडळात स्वयंचलित हवामान केंद्र बसवलेलं आहे, आणि कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मंडळनिहाय रोजचा पाऊस मिळतो. आपलं गाव कुठल्या मंडळात येतं हे तलाठ्यांना एकदा विचारून ठेवा. पुष्कळांना ते माहीत नसतं. हवामान खात्याची वेधशाळा कोल्हापूर शहरात आहे, पण शहराचा पाऊस आणि आपला पाऊस एक नव्हे.

अंदाजाचं म्हणाल तर ऑक्टोबर २०२४ पासून केंद्रानं ग्रामपंचायतीच्या पातळीवर पाच दिवसांचा अंदाज सुरू केलाय. मेरी पंचायत ॲपवर आणि ई-ग्रामस्वराजवर तो दिसतो. ढगाळ आभाळ, तापमान, वारा ह्यासाठी बघायला हरकत नाही. पावसाच्या मिलिमीटरवर मात्र पैज लावू नका. ग्रामपंचायतीचं नाव लागलं तरी त्याच्या मागं गणित चौकोनाचंच असतं.

"तुरळक ठिकाणी", "काही ठिकाणी", "बहुतांश ठिकाणी" हे शब्द मनाला येतील तसे वापरतात का?

मुळीच नाही, आणि हे कळलं की अर्धा अंदाज कळतो. भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी पाव किंवा त्याहून कमी ठिकाणी पाऊस अपेक्षित असेल तर "तुरळक". पाव ते निम्म्या ठिकाणी "काही ठिकाणी". निम्म्याहून जास्त पण पाऊणपर्यंत असेल तर "बऱ्याच ठिकाणी". त्याच्या पुढं "बहुतांश" किंवा "सर्वदूर". म्हणजे "तुरळक ठिकाणी मुसळधार" ऐकून तुमच्या गावात थेंब पडला नाही, तर अंदाज चुकला असं होत नाही. चारातल्या निदान तीन गावांत मुसळधार होणार नाही, असंच त्यांनी सांगितलेलं असतं.

"मुसळधार"लाही माप आहे. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार, त्याच्यावर अत्यंत मुसळधार. टीव्हीवाले सगळ्यालाच "कहर" म्हणतात, त्याला माप नाही.

कोल्हापूरला ऑरेंज अलर्ट होता. शाळेला सुट्टी दिली आणि दिवसभर ऊन! हे कसं?

अलर्ट कुणाला होता ते पूर्ण वाचा. हवामान खातं कोल्हापूरचा घाटमाथा वेगळा सांगतं आणि बाकीचा जिल्हा वेगळा. बातमीत येईपर्यंत "घाटमाथा" गळून पडतो आणि "कोल्हापूरला ऑरेंज" एवढंच उरतं. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा.

आपल्यासाठी खरी मेख अशी, की घाटमाथ्याचा ऑरेंज आपल्या अंगणातल्या पावसाबद्दल नसला तरी आपल्या नदीबद्दल असतो. ऊन पडलं म्हणून अलर्टची थट्टा करणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी काठावरची मोटर बघून यावी.

एकाच जिल्ह्यात गगनबावड्याला धो धो आणि शिरोळला टँकर, असं का?

अरबी समुद्रावरून येणारं बाष्प सह्याद्रीला धडकतं, वर चढतं, थंड होतं आणि तिथंच बरसतं. डोंगर ओलांडून तीच हवा खाली उतरते तेव्हा तापते, कोरडी होते. त्यामुळे गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस, कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास, आणि शिरोळला पाचशेच्या आसपास. सगळं एका जिल्ह्यात, एका दिवसाच्या एस.टी. प्रवासात. जिल्ह्याची सरासरी काढली की जो आकडा येतो, तो ह्यातल्या कुठल्याच गावाचा नसतो. "जिल्ह्यात सरासरीच्या ११० टक्के पाऊस" ही बातमी वाचून पेरणीचा निर्णय घेऊ नका.

आपण मधे. पश्चिमेला एक गाव सरकलं की पाऊस वाढतो, पूर्वेला सरकलं की कमी. रोपलागणीचं भात आणि ऊस दोन्ही शेजारी-शेजारी दिसतात ते ह्याच पट्ट्यात.

गावात पाऊस उघडलाय, तरी नदी का वाढते?

हा प्रश्न दर जुलैला येतो, म्हणून जरा सविस्तर.

आपल्या नदीचं पाणी आपल्या पावसाचं नाही. ते दाजीपूरच्या जंगलात आणि राधानगरीच्या वरच्या खोऱ्यात पडलेलं आहे. धरण भरेपर्यंत ते वर अडून राहतं. शाहू महाराजांनी काम सुरू केलेल्या ह्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाण्याची पातळी ठरावीक उंचीवर गेली की ते पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात आणि उतरली की आपोआप मिटतात. रात्री दोनला दार उघडलं तर ते कुणी साहेबानं उघडलेलं नसतं, आणि फोन करून बंदही होत नाही. एका दारातनं १,४२८ क्युसेक पाणी सुटतं. सातही उघडली की दहा हजारांच्या घरात, वर वीजगृहातनं सुटणारं वेगळं.

ते पाणी भोगावतीतनं आपल्या काठाला येतं. त्यात तुळशी येऊन मिळते. पुढं प्रयाग चिखलीच्या परिसरात कुंभी-कासारीचं पाणी येऊन पंचगंगा होते. ह्या सगळ्या नद्यांच्या डोक्यावर तोच घाट आहे, त्यामुळे फुगतात त्या एकदमच. पुढं नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कोयना आणि वारणेच्या पाण्यानं कृष्णाच तुडुंब असेल तर पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं फूग येते, आणि पूर उतरायचं नाव घेत नाही. वाढायला दोन दिवस आणि उतरायला आठ, हे त्यामुळं. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा वाद इथं मिटणार नाही, तो तुम्ही कट्ट्यावर घाला.

म्हणून सवय अशी लावा: पावसाळ्यात आधी राधानगरी, दाजीपूर, गगनबावड्याचा कालचा पाऊस बघायचा, मग धरण किती भरलंय ते, आणि सगळ्यात शेवटी आपलं आभाळ. धरण निम्मं रिकामं असताना घाटात दोनशे मिलिमीटर पडला तर झोपा. धरण भरलेलं असताना दीडशे पडला तर मोटर वर काढा, जनावरं हलवायची तयारी करा.

राजाराम बंधाऱ्याचे फूट आपल्याला कसे लागू होतात?

कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं, २०२१ ला ५६ च्या पुढं. दोन्ही वेळा पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला. पण दोन्ही पुरांची चाल वेगळी होती. २०१९ चा जुलैअखेरीपासून रेंगाळत चढला आणि ऑगस्टचा दुसरा आठवडा आला तरी हटेना. २०२१ चा २२ जुलैनंतर दोन दिवसांत अंगावर आला.

राजाराम आपल्या खालच्या अंगाला आहे. त्याचा आकडा आपल्या काठाला जसाच्या तसा लागत नाही, पण दोन्हींची सांगड घालता येते. आपल्या गावचा बंधारा बुडाला तेव्हा राजारामला किती फूट होते? पाणंदीत पाणी आलं तेव्हा किती? स्मशानशेडच्या पायरीला लागलं तेव्हा किती? आणि त्या वेळी राधानगरीची किती दारं उघडी होती? हे दोन-तीन पावसाळे लिहिलंत की तुमच्या शेताचा स्वतःचा तक्ता तयार होतो. कुठलंही ॲप तो देणार नाही.

बाहेरून येणाऱ्यांसाठी: गगनबावडा रस्ता मांडुकलीला आणि रत्नागिरी रस्ता केर्लीला लवकर बंद होतो. निघण्याआधी फोन करा.

क्युसेक, टीएमसी म्हणजे काय?

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. तो वेग झाला. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, तो साठा. राधानगरी सव्वाआठ टीएमसीच्या जरा वर, दूधगंगेवरचं काळम्मावाडी पंचवीसच्या वर. राधानगरी आधी भरतं ते त्यामुळं.

म्हातारी माणसं नक्षत्रावर पाऊस सांगतात. त्यात तथ्य आहे का?

आहे, पण सगळ्यात सारखं नाही. नक्षत्र म्हणजे सूर्याच्या वाटचालीवर बेतलेलं तेरा-चौदा दिवसांचं कॅलेंडर. मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ ला, पुनर्वसू म्हणजे तरणा पाऊस ५ जुलैच्या सुमारास, पुष्य म्हणजे म्हातारा २० जुलैच्या सुमारास, आश्लेषा ३ ऑगस्टला. पिढ्यान् पिढ्या बघून कुठल्या पंधरवड्यात काय होतं ते लोकांनी ह्या नावांवर टांगून ठेवलं. ती नोंदवहीच होती, फक्त तोंडी. पडताळून बघा: २०२१ चा महापूर म्हाताऱ्या पावसात आला, २०१९ चा मुख्यतः आश्लेषात. २०२४ ला जुलैअखेर पाणी धोक्याच्या वर गेलं, तेव्हाही म्हाताराच होता. आमच्या आज्ज्या "म्हातारा लागला, आता नदीकडं जायचं न्हाई" म्हणायच्या ते उगाच नव्हे.

"पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा" आणि "न पडतील मघा तर वरतीच बघा" ह्या म्हणीही शेतीच्या अनुभवातनं आलेल्या आहेत. भात पोटरीत असताना पाणी हवं, हे कृषी अधिकारीही तेच सांगतील, फक्त कमी रंगतदार शब्दांत.

पंचांगात नक्षत्राला दिलेल्या वाहनाचं मात्र मला पटत नाही. बेडूक, म्हैस, हत्ती आला की बक्कळ पाऊस आणि कोल्हा, मेंढा आला की कमी, हे ठरतं सूर्य-चंद्राच्या नक्षत्रांच्या आकडेमोडीवरून. ते अख्ख्या महाराष्ट्राला एकच असतं. गगनबावड्याला आणि शिरोळला एकाच म्हशीवर बसवून कसं चालेल?

मान्सून नक्की कधी येतो? पेरणी कधी धरायची?

केरळात १ जून आणि आपल्याकडं मृगाच्या आसपास, ही सर्वसाधारण तारीख. पण २०२३ ला केरळातच ८ जूनला आला, तर २०२५ ला २४ मेलाच केरळात आणि २६ ला मुंबईत. त्या वर्षी मे महिन्यातच इतका पाऊस झाला की वाफसाच येईना. धूळवाफ पेरणीसाठी नांगरून ठेवलेली रानं चिखल होऊन बसली.

तेव्हा "मान्सून दाखल" ह्या बातमीवर चाड्यावर मूठ धरू नका. खात्याची घोषणा वारा, ढग आणि अनेक केंद्रांचा पाऊस बघून होते. तुमच्या रानात ओल किती उतरली ते तिला माहीत नसतं. सोयाबीन, भुईमुगाला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वीतभर ओल गेल्याशिवाय घाई नको. वेळेत आलेला पाऊसही जूनमध्ये दहा-बारा दिवस दडी मारतो. दुबार पेरणी होते ती त्या दडीत.

वळीव कधी येणार ते कळतं का?

दिवस सांगता येत नाही, दोन-तीन तास आधी कळतं. सकाळपासून उकाडा, दुपारनंतर पूर्वेकडं किंवा दक्षिणेकडं कोबीच्या गड्ड्यासारखे ढग उभे राहिले आणि वारा एकदम पडला, की वैरण झाका. हवामान खात्याच्या पणजीच्या रडारचं चित्र मौसमच्या संकेतस्थळावर बघता येतं. त्यात रंगीत ठिपका कुठं सरकतोय तेवढं बघितलं तरी पुरे.

विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप घ्या. नेटवर्क नसेल तर वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा, तीननं भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर रान सोडा. आंब्याखाली, नारळाखाली, पत्र्याच्या उघड्या शेडात थांबू नका. ह्या दिवसांत माणसं वीज पडून जातात ती बहुतेक आडोसा म्हणून झाडाखाली उभी असताना.

घरी पाऊस मोजायचा असेल तर?

विकतचं मापक मिळतं, पण उभ्या सरळ बाजूंचा कुठलाही डबा चालतो. बुडाला आणि तोंडाला एकच माप हवं. बादली चालत नाही, कारण ती वर पसरट असते. पाण्याच्या बाटलीचं बूड खोलगट, ती पण नको. बिस्किटाचा गोल डबा उत्तम.

डबा अंगणात नाही, मोकळ्या जागी ठेवायचा. झाड किंवा भिंत जेवढी उंच, तिच्या निदान दुप्पट लांब. तोंड जमिनीपासून फूटभर वर, म्हणजे उडालेला चिखल-पाणी आत येत नाही. वाऱ्यानं पडू नये म्हणून तीन विटांच्या मधे बसवा. आणि पन्हाळीखाली ठेवून "आमच्यात काल चारशे पडला" असं कृपया सांगू नका.

रोज सकाळी साडेआठला पट्टी उभी धरून मिलिमीटर वाचायचे, लिहायचे, डबा पालथा करायचा. पट्टीचा शून्य टोकाला नसतो, थोडी मोकळी जागा असते, तेवढी धरायची. थेंबही नसला तरी "०" लिहायचं. रिकामी जागा सोडली की पुढच्या वर्षी पाऊस नव्हता की तुम्ही पाव्हण्याकडं गेला होता, ते कळत नाही.

एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. गुंठ्याला शंभर लिटर, एकराला चार हजारांवर. म्हणजे २५ मिलिमीटरच्या एका पावसानं एकरभर उसावर लाखभर लिटर पाणी पडतं. हे ध्यानात आलं की मोटर चालू करायच्या आधी माणूस डबा बघतो.

आमचा आकडा आणि पेपरातला आकडा जुळत नाही.

दोन कारणं. एक, केंद्र तुमच्यापासून काही किलोमीटर लांब आहे. दुसरं, तारखेचा घोळ. पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ. १० जुलैला सकाळी दहाला पडलेला पाऊस ११ तारखेच्या नोंदीत येतो. भांडायच्या आधी एक दिवस मागं-पुढं सरकवून बघा.

अतिवृष्टीची भरपाई गावच्या पावसावर मिळते का?

महसूल मंडळाच्या पावसावर. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी धरतात, आणि पंचनाम्यात ३३ टक्क्यांच्या वर नुकसान दिसावं लागतं. तुमच्या डब्यातला आकडा सरकारी पुरावा नाही. पण मंडळात ४० आणि शेजारच्या तिन्ही गावांच्या वह्यांत ९० असेल तर तहसीलदारांकडं निवेदन द्यायला त्याचा उपयोग होतो. फोटो काढताना पट्टी दिसू द्या.

नदीकाठी शहरापेक्षा थंडी जास्त का?

निरभ्र रात्री जमीन निवते, थंड हवा जड होऊन उताराला, नदीच्या खोलगटीत साचते. शहरात सिमेंट-डांबर दिवसाची ऊब धरून ठेवतं. दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. सकाळचं धुकं नऊपर्यंत राहतं ते त्याच कारणानं. ऊसतोडीच्या ट्रॅक्टरला मागं रिफ्लेक्टर लावा, एवढंच सांगणं.

गावच्या जुन्या पावसाच्या नोंदी कुठं मिळतील?

नुसत्या गावाच्या मिळणं कठीण. तालुक्याच्या जुन्या नोंदी तहसील कचेरीत, धरणावरच्या जलसंपदा विभागात असतात. साखर कारखान्यांचा शेती विभागही पाऊस लिहून ठेवतो, ओळख असेल तर विचारा. पुण्याच्या हवामान कार्यालयाकडं १९०१ पासूनचा देशाचा रोजचा पाऊस चौकोनांमध्ये बसवून ठेवलेला आहे, पण एक चौकोन पाव अंशाचा, म्हणजे साधारण २७ किलोमीटरचा. आपल्याकडं एवढ्यात डोंगर संपून सपाटी लागते.

त्यापेक्षा घरातल्या जुन्या वह्या बघा. उसाची लागण, पहिली उघडीप, पूर कुठल्या पायरीपर्यंत आला हे पुष्कळांनी हिशेबाच्या वहीत, कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलेलं असतं. आणि पुराच्या खुणा भिंतीवर रंगानं तारीख घालून मारा. २०१९ ची रेघ कुठली आणि २०२१ ची कुठली, ह्यावर आत्ताच दोन घरांत एकमत नाही.

सहा महिन्यांनी लग्न आहे. त्या दिवशी पाऊस असेल का?

पाच दिवसांपर्यंतचा अंदाज भरवशाचा, दहापर्यंतचा कल सांगणारा, त्याच्या पुढचा दिवसवार अंदाज म्हणजे करमणूक. ॲपवर ४५ दिवसांनंतरचा "दुपारी ३ वाजता हलका पाऊस" दिसतो, तो कुणीही सांगू शकत नाही. मे महिन्याच्या उत्तरार्धातलं लग्न असेल तर वळीव धरूनच चाला: मांडवावर ताडपत्री, आचाऱ्याची चूल आडोशाला, आणि जनरेटरचं भाडं आधीच ठरवून ठेवा. वळवाचा पहिला झटका बसला की गावची लाईट जाते, ह्याला कुठल्या अंदाजाची गरज नाही.